खांब आणि खुर्ची

आमच्या गावाचे नाव टपालखात्याच्या दफ्तरी 'जऊळका रेल्वे' असे आहे. खुद्द नावातच रेल्वे असलेले गाव आपल्या वाट्याला आले, याचा आम्हा पोरांना लहानपणी केवढा अभिमान वाटे! वस्तुतः रेल्वे म्हणजे काय, तर अकोल्याहून वाशीम-हिंगोलीवरून पूर्णेला जाणारी मीटरगेजची एक बारीक वाट. जयपूरहून काचिगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून जात असे, आणि संध्याकाळी स्टेशनात रॉकेलचे कंदील मिणमिणत असत. जिल्हा तेव्हा अकोला होता. वाशीम जिल्हा झाला तो पुढे १ जुलै १९९८ रोजी. आता मीटरगेज गेली, रुंद रूळ आले. परंतु माझ्या आठवणीतले जऊळका अजून त्या कंदिलांच्या उजेडातच आहे.

मी शाळेत होतो तेव्हा गावात विजेचे खांब आले. बैलगाड्यांतून आले. खड्डे खणायला गावातलीच माणसे रोजाने लावली होती आणि त्यांत माझे धाकटे काका होते. खड्डे संपले, तारा ओढून झाल्या, बाकीचे लोक ज्वारीच्या कापणीला परत गेले. काका मात्र त्या तारांमागून गेले ते गेलेच. प्रथम हेल्पर, मग लाईनमन. ज्या दिवशी ते पहिल्यांदा खांबावर चढले त्या दिवशी आजी देवापुढे बसून राहिली आणि ते उतरल्याचा निरोप आल्यावरच तिने तोंडात पाणी घेतले.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. खांबावर चढणाऱ्या माणसाला पुढे खुर्चीपर्यंत चढता येते काय? आणि येत असेल, तर ती शिडी कोणी बांधली? मी स्वतः अमरावतीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि ऊर्जाव्यवसायातल्याच एका मोठ्या कंपनीत पस्तीस वर्षे नोकरी केली. तिचे नाव येथे सांगावयाचे कारण नाही. खुर्च्या पुष्कळ पाहिल्या, काहींवर बसलो. तेव्हा दिवाळीच्या निवांतपणात या शिडीचा इतिहास थोडासा चाळून पाहू.

आमच्या घरात उजेडाची पहिली कंपनी आली ती विजेची नव्हे, घासलेटची. बर्माशेलचा रिकामा डबा वऱ्हाडातल्या कोणत्या घरात नव्हता? त्यात धान्य राहिले, पाणी तापले, त्याचाच पत्रा कापून झोपडीला लागला. ही कंपनी १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल या दोन बड्या घराण्यांच्या हिंदुस्थानातल्या व्यापाराच्या एकत्रीकरणातून निघाली. त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी कंपन्यांत नोकरांच्या दोन जाती असत. विलायतेहून करारावर सही करून आलेला तो 'कव्हेनंटेड' साहेब. बाकीचे सगळे स्थानिक नोकर. कारकून कितीही हुशार असो, त्याची शिडी हेडक्लार्कच्या टेबलापाशी संपे. साहेबाची शिडी सुरूच तिथून वर होई. दोन्ही शिड्या एकाच इमारतीत, पण एका शिडीवरून दुसरीवर पाऊल टाकावयाची सोय नव्हती. स्वातंत्र्याच्या आगेमागे हिंदी तरुणांना या वरच्या वर्गात घेऊ लागले, तेव्हा साहेबाचा रंग बदलला. शिडीची रचना बरीचशी तीच राहिली. १९५५ साली या कंपनीचा तेलशुद्धीचा कारखाना मुंबईस माहूलला सुरू झाला आणि १९७६ च्या जानेवारीत सरकारने कंपनीच ताब्यात घेतली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

विजेची गोष्ट निराळी. टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी काढली, लोणावळ्याच्या आसपास धरणे बांधली आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. या विजेपायी मुळशीच्या मावळ्यांची शेते बुडाली आणि १९२१ पासून सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह मांडला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. परंतु वऱ्हाडातल्या पोराला खोपोली काय आणि लंडन काय, अंतर सारखेच. आमच्या भागात वीज होती ती मोठ्या शहरांपुरती, आणि ती पुरवीत त्या खाजगी कंपन्या. नागपूरची इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनी त्यांतली ठळक. खेड्यात खांब रोवणे अशा कंपनीला परवडणारे नव्हतेच. दहा मैल तार ओढायची आणि शेवटी चार दिवे लागायचे. कोणता व्यापारी हा उद्योग करील?

हा उद्योग सरकारनेच करावयाचा, असे ज्यांनी आग्रहाने मांडले त्यांत एक नाव पुष्कळांना ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी आणि त्यासाठी ती सरकारच्या हाती हवी, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांती वीज मंडळे निघाली ती त्याच कायद्याखाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले ते २० जून १९६० रोजी, म्हणजे राज्य जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत.

आता विदर्भातल्या जुन्या वीजकामगाराची गंमत पहा. तो १९५५ साली नोकरीस असेल तर त्याचे मालक मध्यप्रदेशाकडचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, मालक बदलले. १९६० साली पुन्हा बदलले. पाच वर्षांत तीन छत्रे डोक्यावरून गेली आणि हा गृहस्थ आपला त्याच खांबावर! त्याला स्वतःला काही जाणवले नसेल. जाणवले ते कचेरीतल्या लोकांना. कारण राज्ये एकत्र आली की नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या एकत्र कराव्या लागतात. जबलपूर-नागपूरकडचा 'असिस्टंट' आणि मुंबई-पुण्याकडचा 'डेप्युटी' यांत वडील कोण आणि धाकटा कोण? १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात सरकारी नोकरांच्या एकत्रीकरणासाठी ११५ वे कलम घालावे लागले, आणि त्या कलमावरून देशभर सरकारी नोकर वर्षानुवर्षे कोर्टांच्या पायऱ्या झिजवीत होते. लग्नात मानपानावरून जेवढे रुसवे होतात त्याहून अधिक रुसवे या याद्यांनी केले.

त्यात विदर्भाचे आणखी एक दुखणे होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले होते; पुढे राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमातही नोकऱ्यांतील पुरेशा संधीचा शब्द आला. पण अभियंत्याच्या खुर्चीवर बसायला आधी अभियंता व्हावे लागते. पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण १८५४ पासूनचे, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेचे १८८७ पासूनचे. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय निघाले १९६० साली आणि आमचे अमरावतीचे १९६४ साली. त्यापूर्वी वऱ्हाडी पोराने जबलपूर गाठावे, बनारस गाठावे, नाहीतर पुण्यात जाऊन कोणाकडे तरी वार लावून जेवावे. यादीत आमची नावे खाली का, याचे निम्मे उत्तर या सनावळीत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल भांडणे आहेत आणि ती या लेखात मिटण्यासारखी नाहीत.

मंडळाची शिडी कागदावर सरळ होती. कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता. तिच्या खाली दुसरी, हेल्पर-लाईनमनची. दोहोंच्या मध्ये पदविकेची भिंत. बर्माशेलच्या इमारतीत मध्ये कातडीचा रंग होता, येथे कागदाचा तुकडा होता. आणि हा फरक लहान मानू नये, कारण कागद पुढच्या पिढीला तरी मिळवता येतो. काकांनी भिंत ओलांडली नाही. पण त्यांच्या पगारातून माझी फी गेली आणि मी भिंतीपलीकडे जाऊन पडलो.

पहिली पंचवीसतीस वर्षे ही शिडी वेगाने वर नेई, याचे कारण साहेबलोकांची मर्जी हे नव्हे. संस्थाच वाढत होती. १९६०-६१ साली मंडळाचे ग्राहक होते १ लाख ७ हजार ८३३. २००१-०२ साली झाले १ कोटी ४० लाख ९ हजार ८९. म्हणजे सुमारे एकशेतीस पट! आमच्या जवळचे पारसचे केंद्र १९६१ साली ३० मेगावॉटच्या संचाने सुरू झाले, १९६२ साली कोयनेची वीज आली, मग नाशिक, कोराडी, चंद्रपूर. प्रत्येक नवे केंद्र म्हणजे नवी वसाहत आणि नव्या खुर्च्या. 'आम्ही कोयनेवर होतो' हे वाक्य छातीवर पदक लावल्यासारखे उच्चारणारे निवृत्त अभियंते मी पाहिले आहेत. वाढत्या संस्थेत माणूस ढकलून कोणाला पुढे जावे लागत नाही; वाट सर्वांना पुरते. वाढ मंदावली की त्याच पायरीवर चौघे उभे राहतात आणि मग कोपर लागू लागते.

कोपराचे नाव गोपनीय अहवाल. वर्षाअखेर वरिष्ठाने हाताखालच्या माणसाविषयी चार ओळी लिहावयाच्या आणि पाकीट बंद करून वर धाडावयाचे. प्रतिकूल शेरा असेल तरच तो त्या माणसाला कळवीत. सामान्य शेरा कळवण्याचे कारण नाही, कारण त्यात वाईट ते काय? येथेच मोठा सापळा होता.

मी माझ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या हाताखाली एक सुपरवायझर होता. हातातले काम चोख, बोलणे तुटक. साहेब आले तरी खुर्चीवरून सावकाश उठणारा. मी त्याच्या अहवालात 'चांगला' असे लिहिले. मनात आकस नव्हता. पण ज्याच्याविषयी आपल्याला विशेष प्रेम नाही त्याला 'फार चांगला' लिहिताना हात किंचित अडतो, तसा तो अडला. बढतीच्या समितीला सलग काही वर्षे 'फार चांगला' हवे होते. माझ्या एका शब्दाने त्याची साखळी तुटली. त्याचे नाव मागे पडले, त्याच्यामागून आलेले पुढे गेले. कारण त्याला कधी कळलेच नाही. त्याने मुलीच्या लग्नाचे पेढे आणून प्रथम माझ्या हातावर ठेवले. 'साहेब, तुमच्यासारखी माणसं होती म्हणून निभावलं,' असे तो म्हणाला. मला नियम ठाऊक नव्हता असे म्हणणे सोयीचे होईल. अर्धवट ठाऊक होता.

२००८ साली, मी निवृत्त झालो त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात निकाल दिला. हे गृहस्थ सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यात कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यास पाच वर्षे 'फार चांगला' शेरा हवा आणि १९९३-९४ सालच्या अहवालात त्यांना मिळाला होता नुसता 'चांगला'. ज्या शब्दाने बढती अडते तो शब्द गोड असला तरी प्रतिकूलच होय, आणि कोणताही शेरा असो, तो ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे, असा न्यायालयाचा निर्णय. वर्तमानपत्रात ती बातमी मी तीनदा वाचली. सुपरवायझर तोवर निवृत्त होऊन गेला होता.

याच काळात महाराष्ट्राने आणखी एक शिडी जवळून पाहिली, अमेरिकन बनावटीची. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी मंडळाने १९९३ साली वीजखरेदीचा करार केला. त्या करारावर कागद पुष्कळ खर्ची पडला आहे. मला कुतूहल होते ते कंपनीच्या आतल्या रीतीचे. तेथे जेफ्री स्किलिंग या अधिकाऱ्याने अशी पद्धत बसवली होती की, सहा महिन्यांनी सर्वांना एक ते पाच अंक द्यावयाचे आणि तळातल्या सुमारे पंधरा टक्के लोकांनी दुसरी जागा शोधावी, नाहीतर घरी जावे. वयाला मान नाही, यादीला मान नाही, केवळ गुण. ऐकायला किती न्याय्य! मुंबईत आमच्या कंपनीतल्या तरुण मंडळींना तर त्याचे वेडच लागले होते. मी सुट्टीत जऊळक्याला गेलो असता हे काकांना सांगितले. ते सुपारी कातरीत होते.

"मंग तळातले पंधरा गेले की संपलं?" त्यांनी विचारले.

"नाही काका, पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा तळातले पंधरा."

"म्हंजे सारे चांगले असले तरी?"

"तरी."

"अरे बापू, पाच बैलातला एक दरसाली बजारात न्यायचा म्हनलं, तं बाकीचे औत ओढतीन का एकमेकाले शिंगं मारतीन? आन् पोलवर मी चढलो असतो, खाली स्विच धरून हुभा असलेला मानूस माह्या जाग्यावर टपलेला असता, तं मी उतरलो असतो का जित्ता?"

मी निरुत्तर झालो. २००१ च्या मे महिन्यात दाभोळची वीज बंद पडली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. अर्थात ते दिवाळे हिशेबांच्या लबाडीने निघाले, एकट्या त्या गुणांकनाने नव्हे. पण ज्या घरात प्रत्येकाला शेजाऱ्याचा अंक आपल्याहून खाली हवा असतो, तेथे चुकीचा हिशेब मोठ्याने बोलून कोण दाखवणार?

काकांचा स्वतःचा बढतीचा इतिहास एका परिच्छेदात संपतो. लाईनमननंतरची बढती त्यांना आली होती. बढतीबरोबर बदली, दूरच्या जिल्ह्यात. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, शेत अर्ध्या वाट्याने दिलेले. काकांनी दोन दिवस पत्र खिशात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी बढती नको असे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. माझे वडील त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मीही मुंबईहून रागाचे पत्र पाठवले. मी तोवर बढत्यांपायी चार शहरे फिरलो होतो, आणि त्या फिरतीत आजीच्या शेवटच्या आजारपणात मी एकदाच, एक दिवस, आलो. काका रोज होते. काकूने मात्र एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "वरची जागा घेतली असती तं खांबावर चढनं सुटलं असतं रे." त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, काकांपाशीही नसावे.

मंडळ आता नाही. २००३ च्या नव्या विद्युत कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी त्याच्या चार कंपन्या झाल्या: वीज निर्माण करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण, घरोघर देणारी महावितरण आणि या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी. एका घराच्या चार चुली झाल्या, तशा शिड्याही वेगळाल्या. पूर्वी 'आस्थापना' म्हणत त्याला आता 'मानव संसाधन' म्हणतात. लाईनमन 'जनमित्र' झाला. नवा मुलगा येतो तो 'विद्युत सहाय्यक' म्हणून, तीन वर्षे ठरीव मानधनावर, आणि ती निभावली तर तंत्रज्ञ होतो. वांद्र्याला 'प्रकाशगड' नावाच्या उंच इमारतीत यांतल्या काही कंपन्यांचा कारभार चालतो. ती ज्या रस्त्यावर आहे त्याला अनंत काणेकरांचे नाव आहे. एका लघुनिबंधकाराच्या पत्त्यावर साऱ्या महाराष्ट्राच्या विजेचे टपाल जावे, हे मला फार आवडते. गावात मात्र अजून सगळे 'एमएसईबी'च म्हणतात.

गेल्या दिवाळीला मी जऊळक्यास होतो. लक्ष्मीपूजनाची आरती चालू असतानाच आमच्या गल्लीतले दिवे गेले. पणत्या होत्या म्हणून आरती अडली नाही. थोड्या वेळाने मोटरसायकलवरून एक पोरगा आला, विशी-बाविशीचा, सणाचा नवा शर्ट अंगात. कोणीतरी विचारले तेव्हा कळले की विद्युत सहाय्यक आहे, दुसरे वर्ष चालू आहे, घर तिकडे भंडाऱ्याकडे, दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. त्याने डीपीपाशी जाऊन स्विच पाडला, पट्टा बांधला आणि शिडी खांबाला लावली.

काका ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांना नीट दिसत नाही. ओट्यावर काठी टेकून उभे राहिले आणि अंधारात ओरडले, "अर्थिंग केलं का रे पोट्ट्या?"

"केलं, बाबा!" वरून आवाज आला.

"हातमोजे?"

क्षणभर उत्तर आले नाही. मग तो पोरगा चार पायऱ्या खाली उतरला, मोटरसायकलच्या पेटीतून मोजे काढले आणि पुन्हा वर गेला. काका तेथेच उभे होते. दिवे आले, पोरांनी फटाक्यांची माळ लावली, तरी ते आत येईनात. पोरगा जमिनीवर उतरल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी काकूला हाक मारून फराळाचे ताट बाहेरच मागवले.

"दोन ताटं आन," ते म्हणाले.